बोकडाची धुरी

आमच्या भिंगारच्या घरासमोर, लिंबाच्या झाडाखाली, मी एकदा बोकडाची मांडी दिवसभर धुरात टांगली होती. त्या दिवशी दुपारी पाथर्डीहून येणारी एस.टी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपोआप थांबली. ड्रायव्हरनं ब्रेकला पाय लावला नव्हता. हे मला ड्रायव्हरनंच सांगितलं, आणि सरकारी नोकर माणूस, त्याला खोटं बोलून काय मिळणार होतं? त्या वासानं छावणीतली लष्करी कुत्री साखळ्या तोडून पळाली आणि एका मेजरसाहेबांनी जन्माचा शाकाहार सोडला, असंही लोक सांगतात. ते मी सांगत नाही. जे मी डोळ्यांनी बघितलं नाही ते मी कधीच सांगत नसतो.

साल एकाहत्तर, संक्रांत होऊन गेलेली. मी लष्कराच्या वर्कशॉपात वेल्डर होतो. गणवेश नसलेला, सिव्हिलियन. रणगाड्याला टाका घालायचं माझं काम. मी घातलेला टाका इतका पक्का असायचा की लांबच्या सरावाला गेलेला रणगाडा मोडून पडायचा आणि नुसता टाकाच तेवढा धड परत यायचा. राहायला दोन कौलारू खोल्या, पुढं तारेचं कुंपण, आणि कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला तो थोरला लिंब. लग्नाला दोन वर्षं झालेली, बायकोला सातवा महिना लागलेला. घरात सगळं सुख होतं आणि एकच दुःख होतं. ते दुःख महिन्यातून एकदा, बाजारच्या दिवशी, पाथर्डीच्या एस.टी.तून उतरायचं. ते म्हणजे माझे सासरे.

त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांचं गाव मेहेकरीच्या पुढं. ज्वारीचं रान, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी मोसंबी. माणूस इतका उंच की आमच्या दारातून आत यायचं तर त्यांना वाकावं लागलं असतं. वाकणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. म्हणूनच ते आत येत नसावेत असं लग्नानंतरचे काही महिने मी धरून चाललो होतो.

खरं कारण वेगळं होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही चाल तिकडं सगळ्यांचीच. पण बाकीचे बाप त्यातून वाट काढतात. कुणी चहाला अन्नात धरत नाही, कुणी सुपारीला सूट देतं, आणि आमच्या गल्लीतला एक बाप तर तळलेलं खाण्यात धरतच नव्हता. आबांच्या कायद्यात असली पोटकलमं नव्हती. ते येताना फिरकीचा तांब्या घेऊन यायचे, पाणी त्यांच्या विहिरीचं. धडप्यात बांधलेली भाकरी, ठेचा, कांदा. लेकीला हाक मारायची, कुंपणाबाहेर लिंबाखाली बसायचं, भाकरी खायची, आपलं पाणी प्यायचं, टोपलीभर मोसंबी कुंपणावरून आत द्यायची आणि परतीची एस.टी. धरायची.

आणि हा माणूस मटणाचा केवढा शौकीन. जत्रेला आबा पंगतीत बसले की वाढपी लोक आपापसांत निरोप घ्यायचे, म्हणतात. त्यांच्या समोरून रस्शाची बादली गेली तर ती रिकामी पुढं जायची, आणि बादलीची कडी चाटलेली असायची. अशा माणसाला बायको दर महिन्याला काळ्या मसाल्याच्या रस्शाचा वास दाखवायची आणि तो माणूस लिंबाखाली बसून कांदा फोडायचा.

"शेजारणी विचारत्यात," बायको म्हणायची, "तुझ्या बापाला तू जेवाया घालीत न्हाईस का म्हणून."

मी म्हटलं, "आता थोडेच दिवस राहिलेत. मूल झालं की जेवतीलच."

ती पाट्यावर लसूण वाटत होती. वरवंटा थांबला.

"तवा जेवतील ते नातवाच्या घरी जेवतील," ती म्हणाली. "मला लेकीच्या घरी जेवल्यालं बघायचंय. एकदाच. माहेरी जायच्या आदी."

मग वरवंटा परत सुरू झाला, जरा जोरात. पुढच्या रविवारी दुपारच्या एस.टी.नं आबा तिला बाळंतपणासाठी न्यायला येणार होते आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं जाणार होते. म्हणजे काय व्हायचं ते त्याच रविवारी व्हायला हवं होतं.

थापा मारण्यात भिंगारात माझ्या वरचढ एकच माणूस होता आणि तो नेमका माझा शेजारी होता. साहेबांच्या मेसमध्ये खानसामा म्हणून आयुष्य काढून रिटायर झालेले ख्रिस्ती गृहस्थ; आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मावशी. काका सांगायचे की इंग्रजांच्या वेळी त्यांनी एका कर्नलसाहेबाला धुरावरचं मटण खाऊ घातलं होतं. सत्तेचाळीस साली तो साहेब बोटीत चढताना ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, हिंदुस्तान सुटला म्हणून रडतोय. "त्याला हिंदुस्तानाचं काय पडलं होतं," काका म्हणायचे. "तो मांडीसाठी रडत होता."

मी त्यांच्यापुढं माझी अडचण मांडली.

"रस्सा नको," काका म्हणाले. "रस्शाला त्यांनी दोन वर्षं दाद दिली नाही. जाळ म्हणजे घाई, आणि घाई म्हणजे चामडं. मांडी टांगायची आणि पहाटेपासून धूर द्यायचा, नुसता धूर. आपण शिजतोय हे मांडीला कळता कामा नये."

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात पेटलं. चाल काय सांगते? लेकीच्या घरचं खायचं नाही. पण धुरासाठी चूल लागतच नाही. मांडी पिंपात टांगायची, पिंप कुंपणाबाहेर लिंबाखाली ठेवायचं. लिंब कुणाचा? सरकारचा. पिंप कुठलं? भंगारातलं. मग त्यात लेकीच्या घरचं काय राहिलं? आबा नेहमीच्या जागी येऊन बसतील, वास नाकात जाईल, आणि मी त्यांना कायदा समजावून सांगेन.

घरी येऊन मी ही अक्कल बायकोला ऐकवली. तिनं नीट ऐकून घेतली.

"म्हंजे ते झाडाखाली जेवणार."

"हो."

"मग ते झाडाच्या घरी जेवले. माझ्या घरी कुठं?"

बायकोनं असा एक प्रश्न विचारावा आणि वेल्डरनं घातलेला टाका जागेवर सुटावा, असं माझ्या आयुष्यात पुष्कळदा झालंय. तरी मी म्हटलं, एकदा तोंडाला चव तर लागू दे, घरात यायचं पुढं बघू. ती म्हणाली, "मसाला मी वाटनार." तेवढीच तिची अट.

गोड्या तेलाचं एक जुनं पिंप मी भंगारातून आणलं, आतून जाळून काढलं, खालून दार पाडलं, वर आडवी सळई टाकली. असं सुबक दार रणगाड्यालाही नसतं. येणारेजाणारे जवान थांबून बघायचे आणि मनातल्या मनात सॅल्यूट ठोकायचे, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळायचं.

आधीच्या आठवड्यात मी लहानशा तुकड्यावर एक चाचणी घेतली. लाकूड कुठलं वापरायचं म्हणून काकांना विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, "साहेबाकडं लिंबाचं वापरायचो." आता भिंगारात लिंबाला काय तोटा. डोक्यावरचीच एक वाळकी फांदी तोडली आणि दिवसभर धूर दिला. संध्याकाळी मी पहिला घास तोंडात घातला आणि पुढच्या दहा गुढीपाडव्यांचा कडुलिंब एका दमात खाऊन मोकळा झालो. पोटातले जंत तर गेलेच, पण पुढं व्हायचे होते तेही बेत रद्द करून गेले. उरलेला तुकडा कुत्र्यापुढं टाकला, तर ते माझ्याकडं असं बघत राहिलं, जसं काही विचारतंय की मी त्याचं आजवर काय वाकडं केलं होतं.

काका आले, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अरे, साहेबाच्या बागेत लिंबं लागायची त्या झाडाचं म्हणालो मी. लिंबोणीचं."

"आपल्याकडं लिंब म्हणजे हेच झाड, काका."

"ते आपल्याकडं. साहेब कुठं आपल्याकडचा होता?"

लिंबोणी कुठून आणायची? बायको म्हणाली, आबांच्या मळ्यात मोसंबीची छाटलेली लाकडं पडलेली असतात, मोसंबी काय आणि लिंबोणी काय, बहिणीबहिणीच. तिच्या गावचा गवळी रोज सकाळी सायकलला दुधाच्या किटल्या लावून भिंगारात रतीब घालायला यायचा. तिनं त्याला एक मोळी आणायला सांगितली.

"लाकडं कशाला गं आक्का?" त्यानं विचारलं.

आबांना आधी कळायला नको, म्हणून ती म्हणाली, "शेगडीला."

शेगडीला. हा शब्द लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवला नाही.

रविवार उजाडायच्या आत आम्ही उठलो. मांडी रात्रभर मीठ, हळद, लसूण आणि तिच्या हातच्या काळ्या मसाल्यात मुरलेली. शेजारच्या खड्ड्यात मी बाभळीचे निखारे केले, ते थोडे थोडे पिंपात सारले, वर मोसंबीचे तुकडे ठेवले, मांडी टांगली आणि पिंपाच्या तोंडावर ओलं गोणपाट टाकलं. निळा, पातळ धूर निघाला. किती आच हवी, हे मोजायचं काकांचं स्वतःचं माप होतं. पिंपाच्या भोकावर तळहात धरायचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही भाकरीची ओळ येईपर्यंत हात टिकला की आच बरोबर. त्याच्या आत ओढून घ्यावा लागला तर निखारे कमी करायचे. "आणि आमेनपर्यंत पोचलास," काका म्हणाले, "तर समज, विस्तव विझलाय. देवाचे आभार मान आणि फुंकणी घे."

मला ती प्रार्थना येत नव्हती. उन्हं वर यायच्या आत पाठ झाली. मांडी पावन झाली नसेल, पण तिच्यावर देवाचं नाव जेवढं पडलं तेवढं माझ्यावर आजवर पडलेलं नाही.

सकाळी गवळी आला. थंडी होती आणि गल्ली धुरानं भरलेली. बायको पहाटेपासून उभी राहून दमली होती, म्हणून कानाला फडकं बांधून, अंगावर वाकळ घेऊन खाटेवर आडवी झालेली. दार उघडं होतं. गवळ्यानं आधी आत बघितलं, मग धुराकडं बघितलं. मी झाडामागं खाली वाकून निखारे फुंकत होतो, मी काही त्याला दिसलो नाही. त्यानं शेजारच्या दारात उभ्या असलेल्या मावशींना विचारलं, "ह्यो कशाचा धूर म्हनायचा, मावशी?"

"पहाटेपासून धुरी चाललीय बाबा," मावशी म्हणाल्या.

आता धुरी म्हटलं की आपल्याकडं एकच गोष्ट डोळ्यापुढं येते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, खाटेखाली शेगडी ठेवायची आणि ओवा, शेपा टाकून धूर द्यायचा. मावशी थट्टेनं बोलत होत्या. "बोकडाच्या मांडीला," असं त्यांचं वाक्य पुढं होतंही. पण तेवढ्यात रस्त्यावरून लष्कराच्या ट्रकांची रांग निघाली आणि बोकड, मांडी, सगळं त्या धडधडीत बुडालं. गवळ्यानं सगळा हिशेब जुळवला. आक्का खाटेवर, कानाला फडकं. आठवड्यापूर्वी शेगडीला लाकडं. पहाटेपासून धुरी. त्यानं उरलेला रतीब कसाबसा घातला आणि सायकल गावाकडं पिटाळली.

पुढचं मी गवळ्याकडून ऐकलं. आबा मोटेजवळ होते. यानं सांगितलं, "आबा, आक्काच्या इथं पहाटेपासून धुरी चाललीया." आबांनी एवढंच विचारलं, "सातव्यातच?" आणि गवळी उत्तर द्यायला तोंड उघडतोय तोवर त्याच्या बुडाखालची सायकल निघून गेली होती. किटल्यांसकट.

काका आणि मी लिंबाखाली बसून एकमेकांना खरं खरं सांगत होतो. ऊन डोक्यावर यायचं होतं. इतक्यात रस्त्याच्या चढावरून किटल्यांचा असा खणखणाट ऐकू आला की मला वाटलं, एखादा रणगाडा माझ्या टाक्याविना परत आला. बघतो तर आबा. फेटा अर्धा सुटून मागं उडतोय, पायांत जोडा नाही, हातात तांब्या नाही, धडपं नाही. सायकल त्यांनी थांबवली नाही, नुसती सोडून दिली. ती कुंपणाला जाऊन अडकली. धुराकडं त्यांनी बघितलं नाही, आमच्याकडं बघितलं नाही. वाकणं त्यांना येत नव्हतं म्हणून मी मघाशी सांगितलं. तर ते वाकले आणि आत गेले.

मी मागोमाग धावलो. बायको तेव्हा चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होती. बापाला असं दारात बघून ती उठून उभी राहिली. आबांच्या तोंडून शब्द फुटेना, नुसती छाती भात्यासारखी हलत होती. घरात माणूस धापा टाकत आलं की बाई जे करते ते तिनं केलं. पिठाचाच हात माठात घातला, तांब्या भरला आणि पुढं केला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा सगळा पिऊन टाकला. शेवटच्या घोटाला नरड्यातून विहिरीत बादली पडल्यासारखा आवाज आला.

"तू बरी हायस नव्हं?" ते म्हणाले.

"मी बरी हाय. तुमी असं का आलाय?"

"मग उभी का ऱ्हायलीस? पड खाटंवर. कवा झालं?"

"काय कवा झालं?"

आबांनी तिच्या पोटाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी पहाटेपासून फुंकणी फुंकत होतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत तव्यासारखा काळा. "आन् जावईबापूंचं त्वांड असं का?" त्यांनी घाबरून विचारलं.

तोवर मावशी दारात पोचल्या होत्या. "अहो धुरी बोकडाला," त्या म्हणाल्या. "बोकडाला दिलीय धुरी. मी सांगत होते त्या गवळ्याला, पण मेल्यानं पुरं ऐकलं असेल तर शपथ."

आबा खाली बसले, तिथंच, चुलीपुढं. हसावं की गवळ्याला शिव्या द्याव्यात हे त्यांचं ठरेना. दोन्ही करून बघितलं. आणि मग त्यांचं लक्ष हातातल्या तांब्याकडं गेलं.

"ह्यो तांब्या कुनाचा?"

"माझा," बायको म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते तसंच मिटलं. तिनं आबांच्या हातातून तांब्या घेतला, पालथा घालून ठेवला आणि पुन्हा पीठ मळायला बसली. पण पाठमोरी असूनही तिच्या मानेवरून मला कळत होतं की ती कान लावून बसलीय.

आबांनी मिशा पुसल्या. "पोटात न्हाई गेलं तसं," ते सावकाश म्हणाले. "सायकल मारून घसा यवढा तापला हुता, वरच्या वरच वाफ झाली त्याची." ते उठले, वाकून बाहेर आले आणि लिंबाखाली आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. फक्त आज त्या जागेच्या शेजारी पिंप होतं.

मांडी शिजायला अजून अर्धा दिवस होता. धुराच्या कामात हीच गंमत आहे. त्यात तुम्हाला नुसतं बसावं लागतं. भाकरी नाही, तांब्या नाही, आणि नाकासमोर मोसंबीच्या धुरात चरबी ठिबकतेय. मी आबांकडं तिरप्या डोळ्यानं बघत होतो. पहिल्यांदा त्यांनी तोंड रस्त्याकडं केलं. मग वारा फिरला, तसे तेही फिरले, वाऱ्याच्या दिशेनं. थोड्या वेळानं म्हणाले, "जाळ लई करता तुमी."

"भाकरीपर्यंत हात टिकतोय, पाव्हणं," काका म्हणाले, आणि आपलं माप समजावून सांगितलं.

"मला न्हाई येत तुमची परार्थना." आबांनी भोकावर तळहात धरला आणि पावकीचा पाढा सुरू केला. हात काढेचनात. काका बघत राहिले. नांगर धरून धरून त्या तळहाताची कातडी अशी झाली होती की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी संपून दिडकी लागली तरी आबा आपले बसलेले. शेवटी काका म्हणाले, "या मापानं मांडीचा कोळसा होईल. हात काढा." तरी तेव्हापासून पिंपाचा ताबा आबांनी घेतला तो घेतलाच. गोणपाट त्यांनी भिजवायचं, निखारे त्यांनी सारायचे. मोसंबीच्या लाकडाचा तुकडा उचलून हुंगला आणि म्हणाले, "ही विहिरीकडची झाडं. मीच छाटल्याली." मी आणि काकांनी तोवर बढाया मारायचा कारखानाच काढला होता. काकांचा कर्नल ढसाढसा रडला, त्यावर माझा रणगाडा मोडला, त्यावर आबांनी सांगितलं की त्यांच्या एका बैलाला मटणाचा वास आला की तो औताला जुंपून घ्यायचा नाही, आधी पंगत विचारायचा. तिघांत तेच तेवढं खरं असावं, कारण सांगताना ते हसले नाहीत.

पाथर्डीची एस.टी. थांबली ती याच सुमाराला.

ऊन कलल्यावर गोणपाट काढलं. मांडी बाहेरून टायरसारखी काळीठिक्कर. मला वाटलं, झाला कोळसा. आबांनी बोटांनी हाड धरलं आणि नुसतं फिरवलं. म्यानातून तलवार निघावी तसं हाड निघालं, पांढरं स्वच्छ, आणि मांस परातीत उतरलं. आत गुलाबी, कडेला तांबूस, आणि त्यावरून जो वास उठला त्याचं मी वर्णन करणार नाही. त्यासाठी थोडी अतिशयोक्ती करावी लागेल, आणि तो माझा स्वभाव नाही.

बायको दारात आली. तिनं तोंड धुतलं होतं, चांगलं लुगडं नेसलं होतं.

"ताटं आत मांडलीत," ती म्हणाली. आग्रह नाही, विनवणी नाही. एवढंच बोलून ती दाराला टेकून उभी राहिली.

आता माझी पाळी होती. कायदा मी आठवडाभर घोकला होता; झाड सरकारचं, पिंप भंगारातलं, लाकूड त्यांचं स्वतःचं. एवढंच म्हणायचं होतं की आबा, बसा इथंच, हे काही लेकीचं घर नव्हे. जीभ पुढं आलीच होती. पण दारातल्या बायकोकडं नजर गेली आणि ती जीभ मी आत घेतली. आयुष्यात न बोललेलं माझं हे एकच वाक्य. काकांनी मात्र घोटाळा केलाच. "पाव्हणं, इथंच वाढू का तुम्हाला? झाडाखाली चालतं म्हणे."

आबा परातीकडं बघत होते. मग लेकीकडं बघितलं.

"झाडाखाली कुत्री जेवत्यात," ते म्हणाले.

"पण तुमची चाल..." काका म्हणाले.

"चाल काय सांगती? प्वार झाल्याबगार जेवायचं न्हाई." आबांनी फेटा नीट बांधायला घेतला. "मग माजी प्वार झालीया की. कवाच झालीया. ती बगा, दारात हुबी हाय."

आणि ते उठले, पाय धुतले, परात स्वतः उचलली आणि वाकून घरात गेले.

भाकरी मोडून ताटात ठेवताना बायकोचा हात जरा जास्त वेळ ताटावर राहिला, एवढंच. मग तिनं वाढायला सुरुवात केली, आणि मला कळलं की आता आपल्याला काही मिळत नाही. आबांनी दोन वर्षांचं राहिलेलं एका बैठकीत फेडून घेतलं. मांडी संपली. भाकऱ्यांची दुरडी संपली. काकांनी आपल्यासाठी बाजूला काढून झाकून ठेवलेला तुकडा आबांनी झाकणावरून ओळखला. मध्येच पाणी मागितलं, आणि तिनं तोच तांब्या भरून दिला. तो पिताना ते थांबले आणि म्हणाले, "पानी ग्वाड हाय इथलं." भिंगारच्या नळाच्या पाण्याला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही. लष्करातसुद्धा नाही.

संध्याकाळच्या एस.टी.नं ते लेकीला घेऊन गेले. टपावर गवळ्याची सायकल, किटल्या आणि माझं पिंप. पिंप कशाला, मी विचारलं. आबा म्हणाले, "माहेरपनाला लेक येती तशी तिची भांडीकुंडी बी येत्यात." कंडक्टरनं पिंपाचं अर्धं तिकीट फाडलं, बाराच्या आतलं दिसतंय म्हणाला. मी काळ्या तोंडानं स्टॉपवर उभा राहिलो आणि घरी येऊन परात चाटली.

त्यानंतरचे सगळे रविवार त्या गावात धूर व्हायचा, असं गवळी सांगायचा. उन्हाळा तापला, मोसंबीची लाकडं संपत आली म्हणे. आबा बाजारच्या दिवशी यायचे ते आता थेट आत यायचे. लेक घरात नसतानाही, माझ्या हातचा करपलेला चहा प्यायचे आणि नावं ठेवायचे.

आणि एका सकाळी गवळी दारात येऊन उभा राहिला. किटली खाली ठेवली, पण झाकण काढलं नाही. गालातल्या गालात हसत होता.

"पाव्हणं," तो म्हणाला, "आक्काच्या इथं पहाटेपासून धुरी चाललीया."

मी सायकलवर टांग टाकली होती. ती तशीच अधांतरी ठेवून विचारलं, "बोकडाला का बाळाला?"

"ते तुमीच जाऊन बगा," तो म्हणाला. "अर्धं ऐकून सांगायचं मी सोडलंय. पर ह्या डावाला आबा पाढा म्हनत न्हाईत, अंगाई म्हनत्यात."